'गावडी' आणि 'गाय' : बहुभाषिक चित्रपुस्तके आणि मराठी विभागांची जबाबदारी

काही वर्षांपूर्वी एम. ए.च्या वर्गात 'बोली आणि प्रमाणभाषा' हा घटक शिकवीत असताना विद्यार्थ्यांना एक साधा प्रश्न विचारला होता. शाळेत गेल्यावर आपल्या घरातला कोणता शब्द चुकीचा आहे असे तुम्हांला प्रथम कळले? उत्तरे अनेक आली. त्यांतील एक अजून मनातून जात नाही. तुळजापूर-नळदुर्ग परिसरातील एका तांड्यावरून येणारी एक विद्यार्थिनी उठून म्हणाली, "सर, पहिलीत बाईंनी गाईचं चित्र दाखवून हे काय म्हणून विचारलं. मला येत होतं, म्हणून मीच पहिल्यांदा हात वर केला आणि 'गावडी' म्हटलं. सगळा वर्ग हसला. नंतर वर्षभर मी हात वर केला नाही."

'गावडी' हा गोरमाटीतील गाईचा शब्द. मराठी कानाला तो 'गावठी', 'गावंढळ' यांच्या जवळचा वाटतो आणि हसू येते. त्या मुलीचे उत्तर बरोबर होते. तिच्या घरी गाय होती, तिचे शेण ती काढीत होती, आणि ज्या भाषेत ती गाईला हाक मारी त्याच भाषेत तिने उत्तर दिले होते. चित्र ओळखण्याच्या परीक्षेत ती उत्तीर्ण झाली होती. नापास झाली होती ती विचारणाऱ्याची भाषा. परंतु सहा वर्षांच्या मुलीला हे कोण सांगणार? तिने त्यातून काढलेला निष्कर्ष एवढाच, की आपल्याला जे येते ते येथे चालत नाही.

अगदी लहान मुलांना प्राण्यांची नावे त्यांच्या घरच्या भाषेत आणि शाळेच्या भाषेत शेजारी शेजारी दाखविणारी चित्रपुस्तके हा विषय वाङ्मयाच्या अभ्यासकांना किरकोळ वाटण्याचा संभव आहे. बालवाडीची ती सामग्री. तिच्याशी पदव्युत्तर मराठी विभागाचा काय संबंध, असे विचारले जाईल. हा संबंध अत्यंत निकटचा आहे आणि तो आपण टाळत आलो आहोत, एवढेच येथे मांडावयाचे आहे.

प्रथम एका शब्दाविषयी. आपल्या अभ्यासक्रमांत आणि प्रश्नपत्रिकांत 'बोली' हा शब्द फार सैलपणे वापरला जातो. वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी यांच्या पंक्तीत गोंडी, कोरकू, गोरमाटी यांनाही बसवून 'महाराष्ट्रातील बोली' असे एक प्रकरण आपण संपवितो. विद्यार्थी त्याचा अर्थ सहजच 'मराठीच्या बोली' असा घेतो. वस्तुस्थिती वेगळी आहे. गोंडी ही द्राविडी कुळातील भाषा आहे. मेळघाटातील कोरकू ही ऑस्ट्रो-आशियाई कुळाच्या मुंडा शाखेतील असून तिची जवळची नाती संथाळी आणि मुंडारी यांच्याशी आहेत. गोरमाटी ही मराठीप्रमाणेच आर्य कुळातील असली, तरी तिचे माहेर राजस्थानी-गुजरातीकडचे आहे. ग्रिअर्सनने भारतीय भाषांच्या सर्वेक्षणाच्या नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात (१९०७) भिल्ली आणि खानदेशी यांच्याबरोबर तिचा विचार केला आहे. म्हणजे महाराष्ट्राच्या एकाच राज्यात तीन भाषाकुळांतील मुले 'ग गाईचा' शिकावयास बसतात, आणि त्या सर्वांना आपण अशुद्ध मराठी बोलणारी मुले समजतो.

याचे परिणाम चित्राच्या पानावरच स्पष्ट दिसतात. कोरकूत माशाला 'काकू' म्हणतात. मेळघाटातील मुलाने माशाच्या चित्रावर बोट ठेवून 'काकू' म्हटले, तर नवख्या मराठी शिक्षकाला तो नातेवाइकाला हाक मारतो आहे असे वाटेल. कोरकूत वाघ म्हणजे 'कुला', अस्वल म्हणजे 'बाना', कुत्रा म्हणजे 'सिटा'. संथाळीत हेच शब्द 'कुल', 'बाना', 'सेता' असे आढळतात. शेकडो कोस दूर असलेल्या दोन समाजांचे प्राचीन नाते या तीन प्राण्यांनी टिकवून ठेवले आहे. गोंडी मूल वाघाला 'पुली' आणि माशाला 'मीन' म्हणेल, तेव्हा तमिळ जाणणाऱ्याला ते कळेल, शेजारच्या मराठी शिक्षकाला कळणार नाही. ज्या उत्तराला शाळा चूक म्हणते ते उत्तर भाषाशास्त्राच्या दृष्टीने अशा मोलाचे असते.

आता आपण मुलांच्या हाती देतो त्या अंकलिपीकडे पाहावे. 'श शहामृगाचा' हे आपल्यापैकी बहुतेकांनी घोकले आहे. शहामृग आपल्यापैकी कोणी अंगणात पाहिलेला नाही. हा पक्षी असूनही त्याच्या नावात 'मृग' आहे, कारण फारसीतील 'मुर्ग', म्हणजे पक्षी, याला आपण ओळखीचे रूप दिले. 'पाणघोडा' हा शब्द तर परक्या नावाचे सरळ भाषांतर आहे. या शब्दांवर माझा आक्षेप नाही. मुलांना दूरचे जगही दिसले पाहिजे. आक्षेप आहे तो जवळचे जग पुसले जाण्यावर. आमच्या जिल्ह्याच्या नावाने ओळखली जाणारी उस्मानाबादी शेळी बहुधा काळी, उंच, लोंबत्या कानांची असते. मराठवाड्याचे बैल लाल कंधारी आणि देवणी. तांड्यावरच्या मुलाने पाहिलेली शेळी ही आहे. पुस्तकात त्याला भेटते ती गुबगुबीत, पांढरी, गळ्यात निळी फीत बांधलेली बकरी. म्हणजे नावही परके आणि चित्रही परके. मग त्या मुलाने ओळखावे तरी काय?

मराठी स्वतः या बाबतीत किती संपन्न आहे हे सांगावयास नको. गाईचे वासरू, त्यातही कालवड आणि गोऱ्हा. म्हशीचे रेडकू, शेळीचे करडू, मेंढीचे कोकरू, घोड्याचे शिंगरू. पशुपालन आणि शेती यांच्या सहवासात भाषा वाढली, म्हणून ही शब्दसंपत्ती आली. मग ज्या समाजाने कित्येक पिढ्या बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून सारा दख्खन तुडविला, त्या लमाणांच्या भाषेत बैलाविषयी किती शब्द असतील? वयाचे, रंगाचे, शिंगांचे, चालीचे, स्वभावाचे? रेल्वे आली, लदेणीचा व्यापार बुडाला, १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने भटक्या समाजांवर संशयाचा शिक्का मारला. हा कायदा रद्द व्हावयास १९५२ साल उजाडावे लागले. व्यवसाय गेला की त्याचे शब्द एक-दोन पिढ्या वृद्धांच्या तोंडी राहतात आणि मग जातात. आजच्या तांड्यावरील सत्तरीच्या आजीला जे शब्द ठाऊक आहेत ते तिच्या नातीला ठाऊक असतीलच असे नाही. चित्रपुस्तकाचा प्रश्न जसा नातीचा आहे तसा आजीचाही आहे.

या ठिकाणी दूरचा एक दाखला उपयोगी पडेल. कॅनडातील क्री ही तेथील मूळ रहिवाशांच्या मोठ्या भाषांपैकी एक. त्या देशात सुमारे दीड लाख मूळनिवासी मुलांना घरांपासून तोडून निवासी शाळांत ठेवण्यात आले आणि तेथे त्यांची भाषा बोलण्यास मज्जाव करण्यात आला. सत्यशोधन आणि सलोखा आयोगाने २०१५ च्या अहवालात त्याचे सविस्तर दर्शन घडविले. २०१९ मध्ये तेथे मूळनिवासी भाषांसाठी स्वतंत्र कायदा झाला. या पार्श्वभूमीवर क्री आणि इंग्रजी अशा दोन भाषांतील शिशुपुस्तके निघू लागली आहेत. जुली फ्लेट या चित्रकर्तीचे क्री अंकांचे पुस्तक २०१४ चे आहे. प्राण्यांच्या नावांपासून आरंभ करणे तेथेही स्वाभाविक ठरले, कारण क्री भाषेत जग प्रथम सचेतन आणि अचेतन असे विभागले जाते, आणि प्राणी हे त्या व्याकरणाचे प्रवेशद्वार आहे. क्रीमध्ये कुत्र्याला 'अतिम' म्हणतात. युरोपीय लोकांबरोबर घोडा आला तेव्हा त्याला नाव मिळाले 'मिस्तातिम', म्हणजे मोठा कुत्रा. ओझे वाहणारा, ओढणारा, माणसाबरोबर चालणारा जो प्राणी त्यांच्या ओळखीचा होता, त्याच्यावरून त्यांनी नव्या प्राण्याला ओळखले. एका शब्दात एका समाजाचा इतिहास आहे. 'मिस्तातिम = घोडा' एवढे लिहून जे पुस्तक थांबेल, ते हा इतिहास गमावील.

येथूनच माझ्या मुख्य म्हणण्याकडे येतो. बहुभाषिक चित्रपुस्तक चांगले आहे एवढे म्हणून भागत नाही. ते कसे आहे हे महत्त्वाचे. आज जी पुस्तके या प्रकारात निघतात त्यांतील पुष्कळशी एकाच पद्धतीने तयार होतात. मूळ पुस्तक इंग्रजीत, हिंदीत किंवा मराठीत असते. चित्रे तीच राहतात. खालची ओळ बदलते. प्रथम बुक्स या संस्थेने २०१५ मध्ये सुरू केलेल्या 'स्टोरीव्हीवर' या उपक्रमाने मुक्त परवान्याखाली कोणालाही भाषांतर करण्याची मुभा दिली, त्यामुळे ज्या भाषांत छापील पुस्तक निघणे अशक्य होते त्यांत वाचनसामग्री आली. हे काम मोलाचे आहे, याविषयी दुमत नसावे. परंतु भाषांतराने आरंभ करता येतो, तेथे थांबता येत नाही. नावाखाली नाव लिहिले की आपण नकळत असे सुचवितो, की सर्व भाषांनी जगाची वाटणी एकाच रीतीने केली आहे, फक्त पाट्या वेगळ्या आहेत. तसे नसते.

गोरमाटीत लिंगे दोन. 'घोडो' पुल्लिंगी, 'गावडी' स्त्रीलिंगी. मराठीत तिसरे, नपुंसकलिंग आहे, आणि नेमके ते प्राण्यांच्या शब्दांत फार आढळते: ते वासरू, ते मांजर, ते करडू, ते पाखरू. तांड्यावरील मूल 'वासरू आला' किंवा 'मांजर आला' म्हणते तेव्हा ते गोंधळलेले नसते. त्याच्या भाषेच्या नियमाप्रमाणे ते बिनचूक असते. नुसत्या नामांचे चित्रपुस्तक हा पेच झाकून ठेवते. 'वासरू उड्या मारते. ते पांढरे आहे.' अशी दोन वाक्ये मराठीत आणि शेजारी त्याच अर्थाची दोन गोरमाटीत दिली, की मुलालाही फरक दिसतो आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे शिक्षकालाही दिसतो.

कोरकूचे उदाहरण याहून बोलके आहे. त्या भाषेत सचेतन नामांना एकवचन, द्विवचन आणि बहुवचन अशी तीन वचने आहेत. संस्कृतातील द्विवचन आपण पदवीच्या वर्गात मोठ्या कौतुकाने शिकवितो. मेळघाटातील चार वर्षांचे मूल ते न शिकता वापरते. 'एक कुत्रा', 'अनेक कुत्रे' अशी दोन चित्रे असलेले पुस्तक कोरकूत भाषांतरित केले, तर मधले चित्रच हरवते. कोरकूसाठी आरंभापासून रचलेल्या पुस्तकात तीन चित्रे असतील: एक, दोन आणि अनेक. गोंडीत माणसांतील पुरुष एका गटात आणि स्त्रिया, प्राणी, वस्तू दुसऱ्या गटात, अशी लिंगव्यवस्था आहे. त्यामुळे 'तो वाघ' आणि 'ती वाघीण' अशी जोडी मराठीच्या धर्तीवर लावू गेल्यास तेथे अडचण येते. पुस्तकात किती चित्रे असावीत, कोणत्या क्रमाने असावीत, कोणता प्राणी आधी यावा, हे सर्व त्या भाषेच्या व्याकरणातून आणि त्या समाजाच्या जीवनातून ठरले पाहिजे.

हा विचार महाराष्ट्राला नवीन नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे आणि पुढे १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघ यांच्यासह जे काम केले, त्याचे सूत्रच हे होते की मूल जेथे आहे तेथे शाळेने जावे. पाड्यातील अंगणात भरणारी अंगणवाडी त्यातून आली. गुरे राखण्यासाठी रानात जाणाऱ्या मुलांसाठी तेथे कुरणशाळा चालविली गेली. मुले गुरांमागे, शिक्षक मुलांमागे, अशी ती शाळा होती. साधने विकत आणलेली नव्हती. शिंपले, बिया, पाने, खडे हीच साधने. आज आपण चित्रपुस्तकांचे बोलतो तेव्हा कुरणशाळेची आठवण ठेवावी. प्राण्याचे नाव शिकण्याचे पहिले पुस्तक प्रत्यक्ष प्राणी हेच आहे; छापील पुस्तक त्याचे स्मरण आहे.

कायद्याची बाजूही भक्कम आहे. भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाची सोय मिळावी, हा अनुच्छेद ३५० क सातव्या घटनादुरुस्तीने १९५६ मध्ये संविधानात आला. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ मध्ये शिक्षणाचे माध्यम शक्य तेथवर मुलाची मातृभाषा असावे असे म्हटले आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेचा पुरस्कार केला. मार्च २०२४ मध्ये म्हैसूरची भारतीय भाषा संस्था आणि राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद यांनी तयार केलेल्या ५२ प्रवेशिका प्रकाशित झाल्या. कागदावर उणीव नाही. प्रत्यक्षात काय घडते याचे एक उदाहरण गडचिरोली जिल्ह्यातील मोहगावचे. तेथील ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा स्वतः सुरू केली. २०२२ मध्ये शिक्षण विभागाने ती अनधिकृत असल्याची नोटीस दिली आणि प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. 'शक्य तेथवर' या शब्दांचा अर्थ कोणी ठरवावयाचा, हा प्रश्न त्यातून उभा राहतो.

गोरमाटीची अडचण आणखी निराळी आहे. बंजारा समाज तेलंगणात अनुसूचित जमातीत, कर्नाटकात अनुसूचित जातीत आणि महाराष्ट्रात विमुक्त जातीत मोडतो. भाषा एक, प्रवर्ग तीन. आदिवासी भाषांसाठी आदिवासी विभागामार्फत जे काही होते त्याच्या कक्षेत महाराष्ट्रातील तांडा येत नाही. मराठीच्या बोलींसाठी जे काही होते, उदाहरणार्थ डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांचे बोलींचे सर्वेक्षण, ते स्वाभाविकपणे मराठीच्या बोलींपुरते असते. २०११ च्या जनगणनेत 'लमाणी' किंवा 'लंबाडी' सांगणारे देशभरात सुमारे ३३ लाख आणि 'बंजारी' सांगणारे सुमारे १६ लाख होते. हे सारे हिंदीच्या शीर्षकाखाली मोजले गेले. लिपीचीही अशीच फाटाफूट आहे. महाराष्ट्रात देवनागरी, कर्नाटकात कन्नड, तेलंगणात तेलुगू. नळदुर्गच्या पलीकडे काही कोसांवर राहणाऱ्या मावसभावाचे पुस्तक आमच्या तांड्यावरच्या मुलाला वाचता येत नाही. अशा वेळी चित्रांचे महत्त्व वाढते: चित्रे एक ठेवून तीन लिप्यांत मजकूर देणारे पुस्तक तिन्ही राज्यांतील मुलांना एकत्र आणू शकेल. ऊसतोडीच्या हंगामात ज्या मुलांचे बिऱ्हाड सीमेपलीकडील कारखान्यावर जाते, त्यांच्या बाबतीत तर ही निकडीची गरज आहे.

या भूमिकेवर घेतले जाणारे आक्षेप दुर्लक्षिण्यासारखे नाहीत. पहिला आक्षेप पालकांचाच असतो. "आमची भाषा आम्ही घरी शिकवू, शाळेने मराठी आणि इंग्रजी शिकवावे," असे तांड्यावरचा बाप म्हणतो तेव्हा त्यामागे अनुभव असतो. भाषेमुळे त्याने अपमान सोसला आहे आणि तो मुलाच्या वाट्याला येऊ नये अशी त्याची इच्छा आहे. त्याला भाषाप्रेमाचे व्याख्यान देणे उद्धटपणाचे होईल. त्याला एवढेच सांगता येईल, की हे पुस्तक मराठीऐवजी नाही, मराठीकडे जाण्यासाठी आहे. आणि मुलगा मराठीत मागे पडू नये म्हणूनच पहिल्या दिवशी त्याचे तोंड बंद होता कामा नये. ज्या मुलीने वर्षभर हात वर केला नाही, तिचे त्या वर्षात मराठीचेही नुकसानच झाले.

दुसरा आक्षेप असा, की एकाच भाषेची रूपे तांड्यागणिक बदलतात. मग पुस्तकात कोणते घ्यावे? हा प्रश्न मराठीच्या पहिल्या क्रमिक पुस्तकांपुढेही होता. आपण तेव्हा एक रूप निवडले आणि बाकीच्यांना अशुद्ध ठरविले. ती चूक पुन्हा करण्याचे कारण नाही. एका प्राण्याला दोन नावे असतील तर दोन्ही द्यावीत. 'तुमच्याकडे काय म्हणतात?' असे विचारून एक रिकामी ओळ सोडावी. ती ओळ मूल घरी जाऊन आजीला विचारून भरील. अशा शंभर पुस्तकांतील रिकाम्या ओळी भरून आल्या, तर पीएच. डी.च्या एखाद्या प्रबंधापेक्षा अधिक विश्वसनीय शब्दसंग्रह हाती लागेल.

तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो, आणि तो अशा पुस्तकांच्या पुरस्कर्त्यांनी स्वतःच स्वतःवर घेतला पाहिजे. दहा प्राण्यांची नावे छापली, समारंभ झाला, छायाचित्र निघाले, आणि भाषेचे ऋण फिटले, असे समाधान यातून मिळू शकते. भाषा नामांवर जगत नाही. ती क्रियापदांवर, हाकांवर, भांडणांवर, गोष्टींवर जगते. गुरांना हाकलण्याचा शब्द, गाय आटली हे सांगण्याचा शब्द, हरवलेल्या शेळीला शोधताना घातलेली साद, हे पुस्तकात येईल तेव्हा ते पुस्तक त्या भाषेचे होईल. घरात ती बोलली जाणे थांबले, तर कितीही सुंदर चित्रपुस्तक तिला वाचवू शकणार नाही. चित्रपुस्तक एवढेच करू शकते: घरात बोलण्यासारखी, लाज न वाटण्यासारखी ती भाषा आहे, असा निर्वाळा ते मुलाला शाळेच्या भिंतींच्या आत देऊ शकते. हे कार्य मर्यादित आहे. परंतु ते दुसरे कोणी करीत नाही.

मग मराठी विभागांनी काय करावे? आपल्याकडे दरवर्षी बोलीविषयक प्रबंध सादर होतात. त्यांच्या परिशिष्टांत शब्दसूची असतात. त्या ग्रंथालयाच्या कपाटात राहतात, आणि ज्या समाजाकडून शब्द घेतले त्याच्याकडे काहीही परत जात नाही. गोरमाटी, पारधी, कैकाडी यांवर काम करणाऱ्या प्रत्येक संशोधकाने प्रबंधाबरोबर मुलांसाठी सोळा पानांचे एक सचित्र पुस्तक तयार करावे, आणि ते संशोधनाचाच भाग म्हणून तपासले जावे, अशी माझी सूचना आहे. त्यात शब्द सांगणाऱ्या वृद्ध स्त्री-पुरुषांची नावे, त्यांची संमती असल्यास, लेखक म्हणून छापली जावीत. 'निवेदक' म्हणून तळटीपेत नव्हे. चित्रे शक्यतो त्याच परिसरातील कोणी काढावीत. वाक्यांची तपासणी दोन्ही भाषा बोलणाऱ्यांनी करावी. भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाचा अरुण जाखडे यांनी संपादिलेला महाराष्ट्र खंड २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातून पुढे जाण्याची वाट हीच आहे असे मला वाटते. आमच्या तुळजापुरात १९८६ पासून टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा परिसर आहे, भोवताली महाविद्यालये आहेत, आणि हाकेच्या अंतरावर तांडे आहेत. साधनांची सबब येथे चालणार नाही.

हे सर्व मराठवाड्यातील एका अध्यापकाला विशेष जाणवण्याचे एक कारण आहे. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते आणि निजामाच्या राज्यात मराठी मुलांना माध्यमिक शिक्षणही उर्दूतूनच घ्यावे लागे. उर्दूविषयी द्वेष नसतानाही, घरच्या भाषेला शाळेत स्थान नसणे म्हणजे काय, हे आमच्या आजोबांच्या पिढीने भोगले. १९४८ नंतर ती भाषा शाळेत आली तेव्हाचा आनंद त्यांनी आम्हांला सांगितला आहे. नावाचे मोल काय असते हेही या जिल्ह्याला, ज्याचे नाव २०२३ मध्ये अधिकृतपणे बदलले, कोणी शिकविण्याची गरज नाही. ज्यांनी हे सोसले त्यांच्याच नातवंडांच्या शाळेत तांड्यावरच्या मुलीच्या 'गावडी'ला वर्ग हसतो, ही विसंगती आपल्याला बोचली पाहिजे.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्याचा आनंद आपण सर्वांनी व्यक्त केला, आणि तो योग्यच होता. परंतु थोरल्या बहिणीचा मान मिळाला की धाकट्यांची काळजीही तिच्याकडे येते. मराठीची प्राचीनता शिलालेखांत आणि ताम्रपटांत शोधणाऱ्या आपल्या विभागांनी तिच्या सावलीत वाढणाऱ्या भाषांच्या मुलांसाठी सोळा पानांचे पुस्तक करण्याइतकी उसंत काढावी.

त्या विद्यार्थिनीने पुढे एम. ए. पूर्ण केले. निरोपाच्या दिवशी मी तिला विचारले, "गाईला आता काय म्हणतेस?" ती हसून म्हणाली, "वर्गात गाय, घरी गावडी. पण सर, माझ्या मुलीला मात्र मी नुसतं 'गाय'च शिकवलंय." याला काय उत्तर द्यावे ते मला तेव्हा सुचले नाही. प्रस्तुत लेख हे त्या उत्तराचे उशिरा केलेले टिपण आहे.